बाबांनी व्हिडिओ बघून गोळ्या सोडल्या, आता कुठल्या डॉक्टरचं ऐकायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत मांडते, काही चुकत असेल तर सांगा. बाबा ६४ वर्षांचे, कराडला असतात, तुम्ही पुण्यात. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी एका डॉक्टरांचा व्हिडिओ बघितला, डॉक्टर खरेखुरे एमडी आहेत, बोलतात छान, लाखो लोक बघतात. त्यात सांगितलं की कोलेस्टेरॉलची भीती औषध कंपन्यांनी उभी केलीय, स्टॅटिननं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीनं, डायबेटिस ९ टक्क्यांनी वाढतो, स्नायू दुखतात, आणि १०० पैकी ९६ लोकांना या गोळीचा काही फायदाच नसतो. तेव्हापासून बाबांनी गोळ्या बंद केल्यात. फॅमिली डॉक्टरांकडे नेलं तर ते भडकले, "मग मोबाईलकडूनच औषध घ्या" म्हणाले, आणि बाबा अजूनच अडून बसले. तुमचं म्हणणं असं की दोघंही डॉक्टर, दोघंही रिसर्चचं नाव घेतात, मग आमच्यासारख्यांनी ठरवायचं कसं. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे, "नऊ महिन्यांपूर्वी एक स्टेंट टाकलाय".

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करते. मी फिजिशियन आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २४ वर्षं ओपीडी करतेय, आणि माझ्यासाठी तुमच्या अख्ख्या प्रश्नात सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

"गोळ्या बंद केल्या" म्हणजे नक्की कुठल्या? बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी बाबांना फोन करून एवढं विचारा. स्टेंट टाकलेल्या माणसाच्या डब्यात साधारण चार-पाच गोळ्या असतात. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन, म्हणजे अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर, मग कोलेस्टेरॉलची एक, बीपीची किंवा हृदयाचे ठोके आवरणारी एखाद-दोन. व्हिडिओ फक्त कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल असतो, पण माणसाचा विश्वास उडाला की तो अख्खा डबाच कपाटात ठेवून देतो, हे मी खूपदा बघितलंय. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी, तिच्यावर आतून आपल्या रक्तवाहिनीचं अस्तर चढायला काही महिने लागतात, तोवर रक्ताच्या दृष्टीनं ती परकी वस्तू आणि तिच्यावर गुठळी धरू शकते. म्हणून त्या दोन गोळ्या किती महिने घ्यायच्या हे स्टेंट टाकणारा डॉक्टर ठरवतो, बहुतेकांना सहा महिने ते वर्षभर, त्यानंतर त्यातली एक चालूच राहते. नऊ महिन्यांना त्या स्वतःच्या मनानं थांबवणं हे स्टॅटिन थांबवण्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे. त्या बंद असतील तर आजच्या आज त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी असेल तर तीही एकदम सोडायची नसते, ठोके आणि बीपी उसळी मारतात. आणि छातीत दुखणं, दडपण, घाम, दम, जबड्यात किंवा हातात कळ असं काहीही झालं तर गॅस म्हणून सोडा पीत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं सरळ ईसीजीची सोय असलेल्या हॉस्पिटलात.

हे झालं की मग निवांत पुढचं वाचा.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुणाचं ऐकायचं. मला वाटतं खरी अडचण वेगळी आहे. दोन डॉक्टरांपैकी एक खोटं बोलतोय असं आपण धरून चालतो, पण बऱ्याचदा दोघंही एकाच अभ्यासातला आकडा सांगत असतात. तो ९६ चा आकडाच घ्या. १९९४ साली एक मोठा अभ्यास आला, युरोपच्या उत्तरेकडच्या पाच देशांतला, आमच्यात त्याला फोर-एस म्हणतात. ४,४४४ पेशंट, सगळे आधीच हार्टचे, निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन ही स्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि साधारण साडेपाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. बिनऔषधाच्या गटात १०० पैकी १२ च्या आसपास लोक वारले, औषधाच्या गटात ८. आता हेच मी तुम्हाला "मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले" असं सांगू शकते, कारण १२ चे ८ होणं म्हणजे साधारण तेवढंच. आणि हेच मी "१०० लोकांनी पाच वर्षं गोळी घेतली तेव्हा चारांचा जीव वाचला, उरलेल्या ९६ जणांचं जे व्हायचं तेच झालं" असंही सांगू शकते. दोन्ही वाक्यं खरी आहेत. कंपनीचा माणूस माझ्या केबिनमधे पहिलं वाक्य घेऊन येतो, व्हिडिओवाले डॉक्टर दुसरं घेऊन येतात.

पण त्या दुसऱ्या वाक्यात दोन गोष्टी गाळल्या जातात. एक म्हणजे १०० तले चार हा आकडा फक्त मृत्यूचा आहे, मरण न आलेले पण टळलेले अटॅक, परत करावी न लागलेली अँजिओप्लास्टी, हे त्यात धरलेलंच नाही. दुसरं म्हणजे ते चार जण कोण हे आधी कुणालाच ओळखता येत नाही. हेल्मेटचंही तसंच आहे ना, वर्षभर घालून ज्यांची गाडी कधी पडलीच नाही त्यांना "फायदा शून्य" असं आपण म्हणत नाही. आणि हृदयविकारात चाराचा फरक हा खरोखर मोठा फरक आहे, २४ वर्षांत माझ्या रजिस्टरमधल्या अशा शंभर-शंभर लोकांचे चेहरे डोळ्यासमोर आणले की तो मला फार मोठा वाटतो.

आता उलट बाजू, कारण व्हिडिओतलं सगळंच चूक आहे असं म्हटलं तर मीही त्याच चुकीत जाईन. स्टॅटिननं डायबेटिसचं प्रमाण थोडं वाढतं हे खरं आहे. १३ अभ्यास आणि ९१ हजारांवर लोक एकत्र करून २०१० मधे त्याचा हिशोब मांडला गेला, ९ टक्के वाढ निघाली. ऐकायला भीती वाटते. पण तोच हिशोब माणसांत मांडला तर २५५ लोकांनी चार वर्षं गोळी घेतली तर त्यांच्यात एक जास्तीचा डायबेटिस. बहुतेक वेळा ज्याची साखर आधीच काठावर असते अशालाच होतो. एका पारड्यात हे आणि दुसऱ्यात मघाचे शंभरातले चार. बाबांना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा, माझा अनुभव आहे की निवृत्त माणसं हिशोब दाखवला की ऐकतात, दम दिला की ऐकत नाहीत.

आणि गोळी घ्यायची की नाही हे माणसावर अवलंबून आहे असं कुठे म्हणता येतं तेही सांगते. समजा तुमची मावशी ४५ वर्षांची आहे, बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू नाही, घरात कुणाला लहान वयात अटॅक नाही, आणि फक्त रिपोर्टमधे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जरा वर आलाय. तिच्याबाबतीत गोळीचा फायदा खूप लहान असतो आणि तिथे दोन चांगले डॉक्टर वेगवेगळं मत देऊ शकतात, मी स्वतः अशा बऱ्याच जणींना आधी सहा महिने चालणं-खाणं बघू म्हणते. व्हिडिओतले डॉक्टर मनात अशाच माणसाला धरून बोलत असतील तर त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण ऐकणाऱ्यांत तुमचे बाबाही बसलेत, स्टेंटवाले. त्यांना वाटलं माझ्याबद्दलच चाललंय. आणि आपल्याकडच्या लोकांना हार्ट अटॅक पाश्चात्त्य लोकांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो हे मोठ्या अभ्यासात दिसलंय, त्यामुळे परदेशातल्या धडधाकट माणसाबद्दलचं मत कराडच्या स्टेंटवाल्या माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही.

यावरून आठवलं, हे असं सार्वजनिक बोलणं किती लांबपर्यंत जातं याचा मोजलेला दाखलाही याच गोळीचा आहे. २०१३ च्या ऑक्टोबरमधे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी टीव्हीवर विज्ञानाच्या कार्यक्रमात दोन भाग दाखवले, स्टॅटिन उगाच दिल्या जातात अशा सुरात. नंतर संशोधकांनी औषधविक्रीच्या नोंदी तपासल्या तर जेवढे लोक गोळी घेत असायला हवे होते त्यापेक्षा साधारण ६० हजार कमी निघाले. वाहिनीनं पुढे २०१४ मधे ते भाग काढून टाकले. २०१३ च्या त्याच ऑक्टोबरमधे ब्रिटनमधे एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दोन लेख आले, त्यात साइड इफेक्टचा आकडा १८-२० टक्के असा दिला होता, तो चुकीचा वाचला गेलाय हे नंतर कबूल करून दुरुस्ती छापली, पण तोवर पेपरात आणि टीव्हीवर सहा महिने वाद चालला होता. तिथल्या अभ्यासकांचा अंदाज असा की त्या काळात दोन लाखांवर लोकांनी गोळी सोडली, आणि त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत दोन हजार किंवा जास्त अटॅक आणि पॅरालिसिस होऊ शकतात. दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचत नाही. मूळ बातमी पोचते. हे मला कायम अस्वस्थ करतं, कारण बोलणारे सगळे शिकलेले लोक होते आणि बहुतेकांचा हेतूही वाईट नव्हता.

हेतू चांगला असून काय होतं ते मी स्वतः केलंय म्हणून सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या गावच्या ज्येष्ठ नागरिक संघात माझं बीपीवर भाषण होतं. मी मीठ कमी करा यावर खूप भर दिला, पापड लोणचं सोडा, वरून मीठ घेऊ नका, सगळं बरोबरच होतं. तीन आठवड्यांनी, ऐन मे महिन्यात, त्याच कार्यक्रमाला आलेल्या एका आजींना त्यांच्या सुनेनं रिक्षात घालून आणलं, माणसं ओळखत नव्हत्या, काहीबाही बोलत होत्या. रक्तातलं सोडियम ११६, म्हणजे धोक्याइतकं कमी. त्या बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेत होत्या, त्या गोळीनं सोडियम उतरू शकतं, आणि माझं ऐकून त्यांनी मीठ पूर्णच बंद केलं होतं, भाकरी आणि अळणी वरण, वर उन्हाळा म्हणून तांब्याच्या तांब्या पाणी. मी "कमी" म्हणाले होते, आजींनी "बंद" ऐकलं होतं. पाच दिवसांनी बऱ्या होऊन घरी गेल्या. पण मी समोर बसलेल्या ऐंशी लोकांना एकच वाक्य दिलं होतं आणि त्यातल्या कोण काय गोळी घेतं हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी भाषणात मोजमाप सांगते, माणशी दिवसाचं सगळं मिळून एक सपाट चमचा, पाच ग्रॅमच्या आत, आणि कुणी हे ऐकून स्वतःहून बदल करायचा नाही ते नाव घेऊन सांगते, लघवीची गोळी चालू असलेले, किडनीचे, पंचाहत्तरीच्या पुढचे. "आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या" ही शेवटची पाटी पुरत नाही, ती कुणी वाचत नाही.

म्हणून डॉक्टरांनी लोकांशी बोलूच नये असं माझं मत आहे का? अजिबात नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी, म्हणजे ओआरएस, पिंपातून द्यायला लावलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण २०-३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. एका डॉक्टरनं आपल्या हातातलं ज्ञान आयांच्या हातात दिलं म्हणून हे झालं. आणि अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष. ओआरएस नाव लावून गोड पेयं विकली जातात आणि जुलाब झालेल्या पोरांना लोक तीच पाजतात, हे त्या आठ वर्षं सोशल मीडियावर ओरडून सांगत होत्या, कोर्टात गेल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मधे अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते नाव अशा पेयांवर वापरायला बंदी केली. जुलाबात साखर जास्त गेली की ती आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात, इतकं साधं कारण आहे.

आता या दोन उदाहरणांत आणि बाबांच्या व्हिडिओत फरक काय ते बघा, कारण ठरवायचं कसं याचं माझं उत्तर तिथेच आहे. जुलाब लागलेल्या कुठल्याही पोराला नीट मोजून केलेलं ओआरएस द्या हा सल्ला जवळपास सगळ्यांना लागू पडतो आणि चुकून गरज नसताना दिलं तरी नुकसान फार नाही. तंबाखू सोडा, पोरांना लस द्या, हात धुवा, साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठा, हे सगळं असंच. हे कुणीही डॉक्टरनं स्क्रीनवरून सांगितलं तरी चालतं. पण "चालू औषध बंद करा" हा सल्ला तसा नाही. त्यासाठी समोरच्याला औषध कशासाठी दिलं होतं ते माहीत असावं लागतं, आणि स्क्रीनवरच्या माणसाला ते माहीत असूच शकत नाही, तो कितीही हुशार असो. मी माझ्या पेशंटना एवढंच सांगते की काही नवीन चांगलं सुरू करायला सांगणारा व्हिडिओ असेल तर थोडा विचार करून करा, डॉक्टरांनी दिलेलं काही बंद करायला सांगणारा असेल तर तो व्हिडिओ घेऊन माझ्याकडे या, आपण दोघं मिळून बघू. आणि लोक येतात. दहा मिनिटं जातात माझी, पण ती नंतर आयसीयूत घालवण्यापेक्षा बरी.

व्हिडिओ बघताना मी काय शोधते तेही सांगते. पहिलं, हा कुणाबद्दल बोलतोय, आजारी की धडधाकट, कुठल्या वयाचे. मग टक्के सांगितले तर शंभरात किती माणसं ते सांगतो का, आणि फायदा तोटा दोन्ही एकाच मापात मांडतो का, कारण फायदा माणसांत आणि तोटा टक्क्यांत सांगितला की तोटा आपोआप राक्षस वाटतो (बाबांच्या व्हिडिओत नेमकं तेच झालंय, ९६ माणसं एका बाजूला आणि ९ टक्के दुसऱ्या बाजूला). "एका रिसर्चमधे सिद्ध झालंय" म्हणतो तेव्हा तो उंदरांवरचा आहे, नुसत्या निरीक्षणाचा आहे की चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून केलेला, हे सांगतो का. शेवटी काही विकतो का, स्वतःची पावडर, कोर्स, तपासणीचं पॅकेज. आणि पूर्वी बोललेलं एखादं चुकलं तर चुकलं म्हणतो का. डिग्री बघणं गरजेचं आहेच, २०२३ पासून आपल्याकडे आरोग्यावर बोलणाऱ्या डॉक्टरांनी आपण प्रमाणित डॉक्टर आहोत हे सांगावं असे सरकारचे नियमही आलेत, पण डिग्रीवरून एवढंच कळतं की हा माणूस शिकलेला आहे. त्याचं बोलणं तुमच्या बाबांना लागू आहे का हे कळत नाही.

बाबा बहुतेक असंही म्हणत असतील की डॉक्टर लोक रोज मत बदलतात, आधी अंडं बंद म्हणाले आता खा म्हणतात. हे खरंच झालंय. १९६८ मधे अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशननं आठवड्याला तीनच बलक खा म्हटलं होतं आणि तिथल्या आहाराच्या सरकारी शिफारशींतून खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची रोजची मर्यादा पुढे २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली. त्याहून मोठा धक्का बीटा कॅरोटीनचा होता. गाजर-भाज्या जास्त खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं निरीक्षणात दिसत होतं, म्हणून फिनलंडमधे २९ हजार सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांचा अभ्यास झाला, १९९४ मधे निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांत कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. भाजीत असलेलं चांगलं आणि गोळीत घातलेलं तेच वाईट, आधी कुणाला पटलं असतं? पण मत बदललं ते अभ्यास केला म्हणून. हृदयविकार झालेल्या लोकांना स्टॅटिन द्यावी हे मत मात्र १९९४ नंतरच्या बहुतेक मोठ्या अभ्यासांनी उचलूनच धरलंय, तिथे उलटापालट झालेली नाही. सगळी मतं सारखीच डळमळीत नसतात हे बाबांना सांगायला हवं.

आता बाबांशी बोलायचं कसं. फॅमिली डॉक्टर चिडले हे मी समजू शकते, दिवसाला साठ पेशंट बघताना असं होतं, पण त्यानं नुकसान झालं हेही खरं. तुम्ही "तुम्हाला काय कळतं" या सुरात जाऊ नका. "बाबा तो व्हिडिओ मला पण दाखवा" म्हणा, शेजारी बसून पूर्ण बघा. आणि मग हळूच विचारा की गोळीनं काही त्रास होत होता का. माझ्या अनुभवात गोळी सोडायचा विचार माणसाच्या मनात आधीपासून असतो, पाय दुखतात, पित्त होतं, महिन्याचं बिल टोचतं, किंवा रोज गोळी घेणं म्हणजे आपण कायमचे आजारी हे मनाला लागलेलं असतं. पोरीला काळजी नको म्हणून बोलत नाहीत. मग व्हिडिओ येतो आणि मनात होतं तेच एक डॉक्टर बोलून दाखवतो. मागच्या वर्षी माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर आले होते, अगदी बाबांसारखंच, अर्धा तास कोलेस्टेरॉलवर वाद घातला आणि उठता उठता म्हणाले, "मॅडम, जिना चढताना मांड्या भरून येतात हो." खरं दुखणं ते होतं. त्यांचा थायरॉईड तपासला तर तो कमी निघाला, आणि थायरॉईड कमी असला की स्टॅटिननं स्नायू जास्त दुखतात. थायरॉईडची गोळी सुरू केली, स्टॅटिन बदलून कमी डोसनं परत सुरू केली, आज व्यवस्थित घेतायत.

पाय दुखण्याबद्दल एक अभ्यास बाबांना नक्की सांगा. लंडनमधे ६० जण घेतले, सगळे त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेले. त्यांना वर्षभरासाठी १२ बाटल्या दिल्या, चारांत स्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, चार रिकाम्या. रोज किती त्रास होतो ते फोनवर नोंदवायचं. २०२० मधे निकाल आला तो असा की स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास नोंदवला गेला त्याच्या ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीच्या महिन्यांतही होता, रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत तो खूप कमी. म्हणजे त्रास खराच होता, कुणी नाटक करत नव्हतं, पण त्यातला मोठा भाग गोळी घेण्याच्या धास्तीतून येत होता. स्वतःचे आकडे बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली. अर्थात खरा स्नायूंचा त्रासही होतो, क्वचित पण होतो, लघवी कोकमाच्या सरबतासारखी गडद झाली, उठता बसता येईना इतकी अशक्ती आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, तिथे वाट बघायची नाही. साधं दुखत असेल तर सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉईड तपासतात, डोस कमी करतात, दुसरी स्टॅटिन देतात, कधी एक दिवसाआड देतात, इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळ्या प्रकारची गोळी जोडतात. पर्याय भरपूर आहेत आणि पैशाचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात, तेही डॉक्टरांशी उघड बोला.

जमलं तर या शनिवार-रविवारी कराडला जाऊन त्यांना तुम्हीच घेऊन जा, फॅमिली डॉक्टरांकडे परत नको असेल तर थेट हार्टच्या डॉक्टरांकडे, सगळ्या गोळ्यांची चालू-बंद पाकिटं एका पिशवीत घालून, अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड आणि आधीचे कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट घेऊन, आणि तो व्हिडिओ मोबाईलमधे उघडून ठेवा. बाबांना जे तीन-चार प्रश्न पडलेत ते त्यांच्याच अक्षरात कागदावर लिहायला सांगा आणि तिथे तेच वाचू देत, तुम्ही मधे बोलू नका. तिथल्या डॉक्टरांना माझ्याकडून एकच विचारा, माझ्या वडिलांसारखे १०० लोक घेतले तर ही गोळी घेऊन पाच वर्षांत किती जणांचं भलं होतं आणि किती जणांना त्रास होतो. काय म्हणाले ते इथे लिहा, आणि त्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत की नाहीत हे मात्र आज रात्रीच कळवा.